लहान कॉलेज घ्यायचं तर विषय नाही, माणसं बघून घे

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मॅडम, मला साउंड डिझाइन शिकवणाऱ्या एका छोट्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळालीय. वर्षाला १६ जण घेतात. एकच इमारत, मैदान नाही, फेस्टिव्हल नाही, हॉस्टेल म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधले दोन फ्लॅट. दुसरीकडे एका मोठ्या युनिव्हर्सिटीत मास कम्युनिकेशनला पण नाव लागलंय, तिथे सगळं आहे. घरचे म्हणतात तुझं तू ठरव. मैत्रिणी म्हणतात कॉलेज लाइफ घालवशील आणि मग पस्तावशील. मी तशी लाजरी आहे, गर्दीत बुजते, त्यामुळे लहान कॉलेज मला सोपं जाईल असं वाटतंय. आत्तापर्यंत मी केलंय काय, तर घरातला गळका नळ तीन रात्री रेकॉर्ड केला आणि त्यातून एक मिनिटाचा पाऊस बनवला. बरोबर चाललंय का माझं?"

आधी माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते तुला कळेल. ९ वर्षं एका मोठ्या युनिव्हर्सिटीच्या मीडिया डिपार्टमेंटला शिकवलं, वर्गात १८० पोरं असायची, आणि त्यानंतर गेली १४ वर्षं एका लहान संस्थेत साउंड शिकवतेय, बॅच कधी १४ ची कधी १८ ची. अ‍ॅडमिशनच्या इंटरव्ह्यूला दरवर्षी मी बसते. त्यामुळे दोन्हीकडे खुलून आलेली पोरं बघितलीत आणि दोन्हीकडे कोमेजलेलीही, आणि कुठे कोण कोमेजणार हे पहिल्या दिवशी ओळखता येतं असं मला आता अजिबात वाटत नाही.

तुझ्या मैत्रिणी जे म्हणतायत ते वेडेपणाचं नाहीये, तिथूनच सुरुवात करू. फक्त त्या "कॉलेज लाइफ" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर फेस्टिव्हल, मैदान, कट्ट्यावरची टवाळकी असणार, आणि ते गेलं तर फार काही जात नाही, गाणीबजावणी काय कुठेही होतात. खरं जे जातं ते वेगळंच आहे, ते म्हणजे योगायोग. १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, फेस्टिंजर, शाक्टर आणि बॅक या तिघांचा. तुमचे मित्र कोण असं तिथल्या लोकांना विचारलं होतं. अगदी लागून असलेल्या दारातली माणसं मित्र निघण्याचं प्रमाण ४१ टक्के आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणारी १० टक्के. स्वभाव, आवडीनिवडी सगळं नंतर, आधी जिना कुठला आणि दार कुठलं. मोठं कॅम्पस हेच करतं, रोज तुला शंभर अनोळखी दारांसमोरून चालवतं. कोणी भूगर्भशास्त्र शिकणारी, कोणी कायद्याची, कोणी नुसतीच नाटकवेडी, यातली एखादी लायब्ररीत रोज तुझ्याच टेबलावर बसते आणि चार महिन्यांनी तुझी घट्ट मैत्रीण होते. सोळा जणांच्या इमारतीत असं होत नाही. तिथे सगळी दारं साउंडचीच.

आणि याचा हिशोब नंतर द्यावा लागतो, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडे बघून सांगते. तिशीत आलेत, कामं चांगली चाललीत, पण ओळखीपाळखीची शंभर माणसं मोजायला सांगितली तर नव्वद साउंड, एडिट आणि कॅमेऱ्याची निघतात. काम आटलं की सगळ्यांचं एकदम आटतं, कारण सगळे एकाच नळाखाली उभे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं होतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती जवळच्या मित्रामुळे नाही तर अधूनमधून भेटणाऱ्या, अर्ध्या ओळखीच्या माणसामुळे मिळाली होती. जवळच्या लोकांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच ना. मोठं कॅम्पस अशा अर्ध्या ओळखी पोतंभर देतं, लहान कॉलेज मूठभर देतं. लहान कॉलेजवाले प्रॉस्पेक्टसमध्ये "एक कुटुंब" असं लिहितात तेव्हा ते खरंच असतं, फक्त कुटुंबातल्या सगळ्यांना एकच बातमी माहीत असते.

आता दुसरी बाजू, आणि ही बाजू मला जास्त मोठी वाटते म्हणून तर १४ वर्षं इथे टिकलेय.

मागे सेकंड इयरची एक मुलगी शॉर्ट फिल्मचे संवाद साफ करत बसली होती. खोलीत दोन माणसं बोलतायत एवढाच सीन. शूटिंगच्या वेळी कुठल्या तरी वायरीतून विजेचा हम म्हणजे एकसुरी गुणगुण घुसली होती, ती देशाप्रमाणे ५० नाहीतर ६० हर्ट्झला असते आणि त्याच्या पटीत वर वर चढत जाते, शिवाय पंख्याची घरघर होतीच. पोरीने सहा तास घालवून सगळं काढलं, ओठांचे चटक्-चटक् आवाजसुद्धा एकेक करून वेचले. साफ म्हणजे आरशासारखं साफ. आणि सीन मेला. तिला कळत होतं की काहीतरी बिनसलंय पण काय ते सापडत नव्हतं. रात्री साडेअकराला तिच्या खोलीतला दिवा चालू दिसला म्हणून मी डोकावले. ऐकलं. तिला म्हटलं डोळे मिट आणि सांग, ही दोघं कुठे बसलीयत? ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "कुठेच नाही." झालं, तिचं तिलाच कळलं. दोन वाक्यांच्या मधे पूर्ण शून्य होतं आणि खऱ्या खोलीत शून्य कधीच नसतं. युनिटने रूम टोन म्हणजे कोणी न बोलता खोलीचा नुसता ३० सेकंद आवाज घ्यायला हवा होता, तो घाईत घेतलाच नव्हता, मग आम्ही दोघींनी मूळ रेकॉर्डिंगमधून वाक्यांच्या मधले अर्धा-अर्धा सेकंदाचे तुकडे वेचून, जोडून, सांधे दिसणार नाहीत असे घासून २० सेकंदांची खोली तयार केली आणि संवादांच्या खाली अंथरली. दीड वाजला. सीन परत जिवंत झाला.

युनिव्हर्सिटीत असताना मी हा रूम टोनचा धडा दरवर्षी शिकवायचे, दोन स्लाइड होत्या त्यावर. १८० जणांनी लिहून घेतला आणि परीक्षेत बरोबर उत्तरही लिहिलं. पण एखादीने सहा तास चूक केल्यावर नेमक्या त्या मिनिटाला शेजारी जाऊन बसणं तिथे शक्यच नव्हतं. लहान कॉलेज जे विकतं ते हे आहे, दुसरं काही नाही. इक्विपमेंट मोठ्या ठिकाणी बहुतेक वेळा जास्तच असतं.

आता नीट बघ, त्या रात्रीतून मला वजा केलं तर काय उरतं? एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि थकलेली पोरगी. म्हणून सांगते, लहान कॉलेज निवडतेस तेव्हा तू विषय निवडत नाहीयेस, तू चार-पाच शिक्षक आणि पंधरा सोबती निवडतेयस. मोठ्या युनिव्हर्सिटीत एक वाईट शिक्षक म्हणजे एक वाईट पेपर, दुसऱ्या डिपार्टमेंटचं काहीतरी घेऊन माणूस भरून काढतो. लहान ठिकाणी पाचातला एक शिक्षक वाईट निघाला तर शिक्षणाचा पाचवा हिस्सा गेला. आणि एक सोडून गेला तरी तेच! मी एका संस्थेत हे जवळून बघितलंय, नाव घेत नाही, दोन सीनियर फॅकल्टी एकाच उन्हाळ्यात गेले आणि पुढचं अख्खं वर्ष व्हिजिटिंगवाल्यांच्या भरवशावर चाललं, ते आठवड्यातून दोन दिवस येणार, पोरं उरलेले पाच दिवस यूट्यूब बघणार. फी मात्र पूर्ण. पोरांचा दोष काय तर त्यांनी वेबसाइटवरचे फोटो बघून अ‍ॅडमिशन घेतली होती आणि फोटोतली निम्मी माणसं फोटोपुरतीच होती.

त्यामुळे तुझा पहिला प्रश्न त्यांना हा असायला हवा, की सेकंड इयरला गेल्या सेमिस्टरमध्ये कोणी कोणी शिकवलं, त्यातले पूर्णवेळ किती, आणि ते इथे किती वर्षं आहेत. हा प्रश्न ऑफिसला नाही विचारायचा, सेकंड इयरच्या पोरांना विचारायचा. फर्स्ट इयरवाले अजून भारावलेले असतात आणि फायनलवाले जायच्या घाईत असतात, त्यांना एकदम सगळं गोड आठवायला लागलेलं असतं. सेकंड इयर खरं बोलतं. 

आता तू लिहिलेल्या एका वाक्यावर जरा थांबते, कारण मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. "मी लाजरी आहे म्हणून लहान कॉलेज सोपं जाईल." उलटं आहे गं. लाजऱ्या माणसाला मोठी गर्दी सोपी. १८० च्या वर्गात मागच्या रांगेत बसून तीन वर्षं काढता येतात, कोणाला नावही कळत नाही, हवं तेव्हा बाहेर यायचं नको तेव्हा गायब व्हायचं. सोळा जणांत गायब होता येत नाही. तुझं काम दर आठवड्याला सगळ्यांसमोर वाजणार, मोठ्या स्पीकरवर, आणि वाजून झाल्यावर जी शांतता पसरते ना, ती मी आजही विसरले नाहीये आणि मी तर शिकवणारी आहे. एक दिवस दांडी मारलीस तर दुपारपर्यंत शिपायालासुद्धा माहीत. बॅचमधल्या कोणाशी जुळलं आणि मग फाटलं तर पुढची दोन वर्षं त्याच माणसाच्या बूमखाली (लांब दांड्यावरचा माइक) उभं राहून काम करायचं, कारण युनिटला चारच जण असतात आणि पाचवा आणायचा कुठून. मी एका बॅचमध्ये दोन मुलं आठ महिने एकमेकांशी न बोलता, फक्त चिठ्ठ्या चिकटवून, एक फिल्म मिक्स करताना बघितलीत. फिल्म बरी झाली तो भाग वेगळा.

अर्थात लाजऱ्या पोरांचं इथे वाटोळंच होतं असं नाही म्हणत मी. उलट काही जणांना असं सक्तीने उजेडात आणलेलं मानवतं, सहा महिन्यांनी तीच पोरं वर्गात भांडायला लागतात. पण ते सोपं म्हणून येऊ नकोस. लपायला जागा म्हणून तर मुळीच नको.

अजून एक गोष्ट, ही कोणी आधी सांगत नाही. तू आत्ता तुझ्या ओळखीत "आवाजाचं वेड असलेली" एकटीच असशील. तिथे सोळाच्या सोळा तसेच. कोणी लहानपणापासून टेपरेकॉर्डर खोलणारा, कोणी तबला वाजवत मोठी झालेली, एकाचा तर घरातच स्टुडिओ. पहिल्या दोन महिन्यांत तुला वाटायला लागेल की आपल्याला काहीच येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे दाखवलं, की हुशार मुलं हुशारांच्या शाळेत घातली की त्यांची स्वतःबद्दलची कल्पना खाली येते, कारण माणूस स्वतःला जगाशी ताडून बघत नाही, शेजारच्या बाकाशी ताडून बघतो. छोट्या तळ्यातला मोठा मासा, असं म्हणतात त्याला, मोठ्या तळ्यात गेला की तोच लहान वाटतो. काही कॉलेजं याचा विचार करून रचना करतात. कॅलिफोर्नियात हार्वी मड नावाचं सायन्स-इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, १९५५ सालचं, नऊशेच्या आसपास पोरं, तिथे पहिल्या सेमिस्टरला नेहमीच्या ग्रेड देतच नाहीत, पास झालास की नाही एवढंच. म्हणजे पडायला एक सेमिस्टर दिलेलं असतं. तुझ्या कॉलेजला विचार, पहिल्या वर्षी नापास झालेल्यांचं काय करता? उत्तर देताना समोरचा माणूस गडबडला तर समज की यावर कोणी कधी विचार केलेला नाही.

आणि समजा विषयच नको झाला तर? तुला आत्ता हा प्रश्न अपमानास्पद वाटेल. पण अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१७ मध्ये आकडा दिला होता की मुख्य विषय ठरवलेल्या पदवी विद्यार्थ्यांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास पोरांनी तीन वर्षांच्या आत तो बदलला होता. ही काय बेजबाबदार पोरं नव्हती, अठराव्या वर्षी माणसाला विषयाचं नाव आवडलेलं असतं, विषयाचं रोजचं काम त्याने कुठे बघितलेलं असतं? मोठ्या युनिव्हर्सिटीत विषय बदलणं म्हणजे एक फॉर्म आणि दुसरी इमारत. एकच विषय शिकवणाऱ्या कॉलेजात विषय बदलणं म्हणजे कॉलेज सोडणं, हॉस्टेल सोडणं, मित्र सोडणं, आणि बऱ्याचदा तोवरचे क्रेडिट पाण्यात. म्हणून दार कुठे आहे ते आत शिरायच्या आधी बघून ठेवायचं. कागदोपत्री डिग्री आहे की डिप्लोमा, ती कोणाची मान्यताप्राप्त आहे, उद्या वेगळ्या विषयात पोस्ट ग्रॅज्युएशन करायचं झालं तर ती चालते का, एका वर्षानंतर बाहेर पडलेल्याला काही सर्टिफिकेट मिळतं का. हे लेखी घे. तोंडी "हो हो, होतं ते" याला काही अर्थ नाही, मी स्वतः त्या टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे.

कॉलेज टिकणार का, हाही प्रश्न आहे, आणि पोरं तो कधीच विचारत नाहीत कारण त्यांना वाटतं कॉलेज म्हणजे डोंगर, कायमचा. तर ऐक. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने २०२४ च्या मे अखेरीला जाहीर केलं की आम्ही बंद होतोय, आणि ७ जूनला बंद. आठवडाभरात. हजाराच्या वर विद्यार्थी, त्यातल्या अनेकांची पुढच्या वर्षाची तयारी झालेली. सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट १८७१ पासूनचं, तेही २०२२ मध्ये संपलं. न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये कित्येक पिढ्या ट्यूशन फी नव्हती, पैशाचं गणित चुकलं आणि २०१४ पासून नव्या विद्यार्थ्यांना फी लागू झाली, त्याच्या आदल्या वर्षी पोरांनी अध्यक्षांच्या ऑफिसात ठिय्या मारला होता तरी. लहान संस्थेची अडचण अशी की सात-आठ अ‍ॅडमिशन कमी झाल्या तर मोठ्या ठिकाणी कोणाला कळतही नाही, इथे तेवढ्याने पगार थकतात.

पण लहान म्हणजे कच्चं असंही नाही. वेब इन्स्टिट्यूट बघ, न्यूयॉर्कजवळ, १८८९ पासून चालू आहे, सगळं मिळून शंभरेक विद्यार्थी आणि पदवी एकच, जहाजांची रचना आणि सागरी इंजिनिअरिंग. दरवर्षी हिवाळ्यात दोन महिने पोरांना जहाजावर, गोदीत, डिझाइन ऑफिसात कामाला पाठवतात. फिलाडेल्फियातलंच कर्टिस, संगीताचं, १९२४ मध्ये सुरू झालं आणि १९२८ पासून ट्यूशन फी घेत नाही, तिथे पोरं किती घ्यायची ते साधारण एका ऑर्केस्ट्राला किती वादक लागतात त्यावर ठरतं. एकाच शहरात एक संस्था आठवड्यात बंद होते आणि दुसरी जवळजवळ शंभर वर्षं फुकट शिकवते, फरक कसला तर मागे ठेवलेल्या निधीचा. तुझं कॉलेज कशावर चालतं, नुसत्या फीवर, की ट्रस्ट, सरकार, एखादा स्टुडिओ कोणी पाठीशी आहे, हे विचारायला लाजू नकोस. मागच्या तीन वर्षांत १६ पैकी किती सीट भरल्या हेही विचार. १६, १६, ९ असं उत्तर आलं तर माझ्या पोटात गोळा येईल.

मधले रस्तेही असतात, ते तुझ्या प्रश्नात दिसले नाहीत म्हणून सांगते. ते हार्वी मड एकटं नाहीये, पायी अंतरावर आणखी चार पदवी कॉलेजं आणि दोन पदव्युत्तर संस्था आहेत, लायब्ररी एकत्र, एकमेकांच्या वर्गात बसायची सोय, म्हणजे कॉलेज लहान आणि कॅम्पस मोठं. मॅसॅच्युसेट्समधलं ऑलिन इंजिनिअरिंग कॉलेजही असंच, चारशेच्या आसपास विद्यार्थी, शेजारी बॅबसन बिझनेस कॉलेज, पोरं तिकडचे कोर्स घेतात. (या ऑलिनने पहिली बॅच घ्यायच्या आधी ३० विद्यार्थ्यांना एक वर्ष आधीच बोलावून त्यांच्यासोबत अभ्यासक्रम बनवला होता, २००१ साली. लहान असण्याचा फायदा घ्यायचा तर असा.) तुझ्या कॉलेजजवळ काय आहे? कुठल्या लायब्ररीचं कार्ड मिळतं, जवळच्या नाटकवाल्यांशी, नृत्यवाल्यांशी यांचं काही देणंघेणं आहे का? नसेल तर योगायोग तुलाच मुद्दाम घडवून आणावे लागतील, आठवड्यातली एक संध्याकाळ अशा जागी घालवायची जिथे कोणाला माइक कसा धरतात ते माहीत नाही. साउंडवाल्याला हे नुसतं करमणुकीसाठी नको, कामासाठीच हवं. ज्याने जगात काही ऐकलेलंच नाही त्याला स्टुडिओत बसून काय सुचणार.

आणि दुसरा मधला रस्ता म्हणजे क्रम बदलायचा, आधी मोठी युनिव्हर्सिटी आणि मग साउंडचं स्पेशलायझेशन. व्हायोलिन किंवा नृत्याला हे चालत नाही, तिथे बोटं आणि शरीर लहानपणीच घडवावं लागतं, कर्टिसला म्हणूनच वयाची खालची अट नाही. आवाजाचं तसं नाहीये. एकविसाव्या वर्षी साउंडकडे आलेली, आधी इतिहास नाहीतर फिजिक्स केलेली माझी काही पोरं मला सगळ्यात चांगली वाटली, त्यांच्याकडे काहीतरी म्हणायला होतं. पण ज्यांना अठराव्या वर्षीच भूक लागलेली असते त्यांना तीन वर्षं थांबवलं तर काहींची भूक मरते, हेही बघितलंय. यातलं तू कोण, ते मला इथे बसून सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र तुझ्या मेसेजमधून दिसली. युनिव्हर्सिटीबद्दल तू लिहिलंस "तिथे सगळं आहे", बस. आणि नळाबद्दल? तीन रात्री. एका आवडीच्या गोष्टीसाठी तीन रात्री जागणारे खूप असतात, पण गळक्या नळासाठी जागणारे कमी. आमच्या धंद्यात नव्वद टक्के काम गळक्या नळासारखंच आहे, तो तासन्तास ऐकावा लागतो आणि त्यात पाऊस आहे असा विश्वास ठेवावा लागतो. इंटरव्ह्यूला मी हेच शोधत असते. सुंदर पोर्टफोलिओ आता कोणीही करतं.

म्हणून माझा कल लहान कॉलेजकडे आहे, लपवत नाही. पण तो तिथली माणसं धड निघाली तरच, आणि ते तुला जाऊनच बघावं लागेल. ओपन डेला जाऊ नकोस, त्या दिवशी सगळेच इस्त्रीचे कपडे घालून असतात. आधी फोन करून सांग की मला एक साधा कामाचा दिवस वर्गात मागे बसायचंय. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच झालं. हो म्हणाले तर सकाळच्या वर्गापेक्षा संध्याकाळी सहानंतर थांब. स्टुडिओच्या दाराशी बुकिंगचं रजिस्टर असतं, नाहीतर हल्ली शीट असते ऑनलाइन, ती बघायला माग. रात्रीचे स्लॉट भरलेत का, कोणाच्या नावावर भरलेत, त्याच त्या तीन पोरांच्या की फिरती नावं आहेत, फर्स्ट इयरचं एक तरी नाव आहे का. महिनाभराची पानं चाळलीस तर प्रॉस्पेक्टसपेक्षा जास्त कळेल. शिक्षकांपैकी कोण सहानंतर इमारतीत आहे ते बघ, आणि पोरं त्यांच्या खोलीत दार वाजवून शिरतायत की न वाजवता. आणि कोणाला तरी विचार, मागच्या वर्षी कॉलेज सोडून कोण गेलं आणि का? सोळाच जण असतात, त्यामुळे प्रत्येकाला माहीत असतं. "कोणी नाही गेलं" हे खरं असू शकतं. "ती जरा वेगळीच होती" असं उत्तर आलं तर त्या मुलीचा नंबर मिळतोय का बघ आणि तिच्याशी बोल.

आणि नळाचं रेकॉर्डिंग सोबत ने. कोणालातरी ऐकव, एखाद्या शिक्षकाला, नाहीच कोणी भेटलं तर सेकंड इयरच्या पोराला. छान आहे म्हणून परत दिलं तर काही कळणार नाही. पण एखाद्याने हेडफोन न काढता मागे जाऊन तेच चार सेकंद परत लावले आणि इथे माइक कुठे ठेवला होतास असं विचारलं, तर मला लगेच कळव, मग फीचं आणि हॉस्टेलचं आपण बोलू.